करणीचा आरोप आणि वृद्धेचा घरी परतण्याचा हक्क

आपल्या शाळेत नववीच्या वर्गाला निबंधासाठी ‘माझी आजी’ हा विषय दरवर्षी दिला जातो. निवासी शाळेतील मुलामुलींना घराची ओढ असतेच. त्यामुळे या विषयावर त्यांची लेखणी भरभर चालते. आजीने शिवलेली गोधडी, आजीच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, आजीने सांगितलेल्या बाबासाहेबांच्या आठवणी, असे बहुतेक निबंधांचे स्वरूप असते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मात्र सातच ओळी लिहून वही परत दिली. तिची आजी गावी राहत नव्हती. गावाने तिला करणीवाली ठरविले होते आणि ती सोलापुरात, विडी वळणाऱ्या आपल्या लेकीच्या एका खोलीत येऊन राहिली होती. शेवटच्या ओळीत मुलीने लिहिले होते की, सुट्टीत गावी गेले तर आजी नसते आणि आजीकडे गेले तर गाव नसते.

इतिहास शिकविणारे आम्ही शिक्षक युरोपातील चेटकीण-संहाराचा उल्लेख वर्गात एखाद्या तासापुरता करीत आलो होतो. दूरच्या खंडातील आणि दूरच्या काळातील गोष्ट, एवढेच त्याचे स्थान. त्या वहीने तो तास पुन्हा घ्यावयास लावला. त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, जे केले आणि जे करताना चुकलो, ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासमोर या स्मरणिकेच्या निमित्ताने ठेवीत आहोत.

हा आरोप महाराष्ट्रात निरनिराळ्या नावांनी वावरतो. सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूस, तिला ‘डाकीण’ म्हणतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात ‘भुताळी’. आपल्याकडे, म्हणजे सोलापूरचा पूर्वभाग, लातूर-उस्मानाबाद आणि त्यांना लागून असलेला कर्नाटक-तेलंगणाचा मुलूख येथे ‘भानामती’ आणि ‘करणी’ हे शब्द रूढ आहेत. भानामतीत आरंभी कोणी व्यक्ती नसते, प्रकार असतात. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेट घेतात, अंगावर वा कपड्यावर फुल्या उमटतात, घरातील एखादी सून जनावरासारखे ओरडू लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत बसून शोध घेतला, तेव्हा दगडामागे माणसाचाच हात निघाला आणि तो हात पुष्कळदा त्याच घरातील कोंडमारा झालेल्या कोणाचा तरी होता. परंतु शोध घेण्याआधीच गाव देवऋषीकडे जाते, आणि तेथे ‘काय झाले’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणी केले’ हा प्रश्न पुढे येतो.

देवऋषी सहसा नाव घेत नाही. तो दिशा सांगतो, खूण सांगतो. उगवतीकडे दार असलेले घर, पांढऱ्या कपाळाची बाई, अंगणात शेवग्याचे झाड. नाव घालण्याचे काम ऐकणारे करतात, आणि ते आपल्या मनात आधीपासून असलेले नाव घालतात. म्हणूनच हा आरोप कधी पाटलाच्या पत्नीवर येत नाही. तो येतो विधवेवर, निपुत्रिक बाईवर, एकटीवर. जिच्याशी बांधाचा वा पाण्याचा वाद आहे तिच्यावर. जी तोंडाने फटकळ आहे तिच्यावर. झारखंडातील संताळ समाजाचा अभ्यास करणाऱ्या गोविंद केळकर व देव नाथन यांनी या आरोपाचा संबंध स्त्रियांच्या जमिनीवरील हक्काशी जोडून दाखविला आहे. विधवेच्या हाती जमिनीचा तुकडा असतो आणि तो दिराला वा पुतण्याला हवा असतो. येथे आपल्या वाचकांनी एका गोष्टीचे स्मरण ठेवावे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तुकड्यातुकड्यांनी जे कायदे झाले, त्यांपैकी १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने विधवेला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केले. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. कायद्याने दिलेली मालकी काढून घेता येत नाही, पण मालकिणीला गावातून घालविता येते.

आणखी एक कारण निव्वळ म्हातारपणाचे आहे. टांझानियातील सुकुमा लोकांच्या प्रदेशात वृद्ध स्त्रियांना डोळे लाल असतात म्हणून चेटकीण ठरवून ठार मारण्यात आले. ते डोळे लाल झाले होते आयुष्यभर चुलीच्या धुरात बसल्याने. आपल्याकडील कोणत्या आजीचे डोळे गोवऱ्यांच्या धुराने लाल नाहीत? स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी रात्री घराबाहेर पडते, स्वतःशी पुटपुटते, मेलेल्या नवऱ्याला हाका मारते. शेजाऱ्यांना ते मंत्र वाटतात. ऐकू कमी येणे हादेखील दोष ठरतो. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये जे खटले चालले, त्यांत रिबेका नर्स नावाच्या ७१ वर्षांच्या स्त्रीला पंचांनी प्रथम निर्दोष ठरविले होते. आरोप करणाऱ्यांनी आकांत मांडला, न्यायाधीशांनी पंचांना फेरविचार करण्यास सांगितले आणि पंचांनी विचारलेल्या एका प्रश्नाला ती गप्प राहिली. ती गप्प राहिली कारण तिला नीट ऐकू आले नव्हते; तसे तिने नंतर लेखी कळविले. तोवर निकाल फिरला होता. तिला फाशी झाली.

दूरची उदाहरणे पुरे झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात, रेट्याखेडा या गावी, ७७ वर्षांच्या एका आदिवासी वृद्धेला जादूटोण्याच्या संशयावरून बांधून मारहाण करण्यात आली, मिरचीची धुरी देण्यात आली, मूत्र पाजण्यात आले आणि चपलांचा हार घालून तिची धिंड काढण्यात आली. तिचा मुलगा व सून त्या वेळी कामासाठी बाहेर होते. ही बाब आमच्या मनात फार रुतून बसली आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आपली तरुण माणसे सहा-सहा महिने जातात आणि घराला राखण म्हणून म्हातारी मागे राहते. ती एकटी असते हेच तिच्यावरील आरोपाचे निम्मे भांडवल. त्याआधी, २१ ऑगस्ट २०२१ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारण्यात आले. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मार खाणारे सर्व दलित होते. जिवतीचा डोंगराळ पट्टा मराठवाड्यातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी वसलेला आहे. माणसे गेली, आणि भानामतीची भीतीही त्यांच्या बरोबर गेली.

येथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल की, हा प्रश्न इतरांचा आहे, आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ पासून देव सोडले, देवऋषी सोडला. आम्हांलाही तसेच वाटत होते. त्या मुलीच्या आजीवर आरोप करणारे कोण, याची चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले ते असे की, तिच्याच वस्तीतील, तिच्याच समाजातील दोन घरे. त्या घरांत आम्ही गेलो. समोरच्या भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा होती, आणि चौकटीवर लिंबू-मिरची टांगलेली होती. घरमालक पौर्णिमेला विहारात वंदनेस येणारा गृहस्थ होता. त्याची म्हैस आटली होती आणि दोन नातवंडे पाठोपाठ तापाने फणफणली होती. असा माणूस ढोंगी असतो असे आम्ही म्हणणार नाही. तो घाबरलेला असतो, दवाखाना वीस किलोमीटर दूर असतो आणि देवऋषी शेजारच्या गावात असतो. पण एवढे म्हटल्यावरही हे उरतेच की, धम्मदीक्षेने आपण जे दार बंद केले ते मागच्या बाजूने उघडे राहिले आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, मंत्रतंत्र, अंगारे, भविष्यकथन यांवर उपजीविका करणे ही हीन विद्या म्हणून सांगितली आहे व भिक्खूने तिच्यापासून दूर राहावे असे म्हटले आहे. राजगृहात श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीच्या बळावर खाली आणले, तेव्हा भगवंतांनी त्याचे कौतुक केले नाही, त्याची कानउघाडणी केली. महात्मा फुल्यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचा विषयच मुळी गर्भवती बाईला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी हा आहे. हा वारसा आपला आहे. तो भाषणात येतो, चौकटीवरच्या लिंबापर्यंत पोहोचत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण पालकांना त्याचा उपयोग आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते दीड दशकाहून अधिक काळ झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर अवघ्या काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. नाव लांबलचक असले तरी लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. एखादी व्यक्ती करणी करते, जनावराचे दूध आटविते, रोगराई पसरविते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, तसेच चेटकाच्या नावाखाली तिला मारहाण करणे, तिची नग्न धिंड काढणे वा तिच्या रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणजे मारहाण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. नाव घेऊन जगणे अशक्य करणे एवढेही पुरेसे आहे. मारणारे अनुसूचित जाती-जमातीबाहेरचे असतील तर २०१५ ची दुरुस्ती झालेला अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. चेटकाच्या आरोपावरून शारीरिक वा मानसिक त्रास देणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. गावाने वाळीत टाकले तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. खुद्द मुलानेच आईला घराबाहेर काढले तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आणि उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरण आहे. वकिलाची फी परवडत नाही ही अडचण नव्हे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

कायदा हात अडवितो, आणि ते थोडे नाही. परंतु तो जीभ अडवीत नाही आणि दार उघडीत नाही, हे आम्हांला आमच्या पहिल्या फसलेल्या प्रयत्नाने शिकविले.

तो प्रयत्न असा. आजींचा मुलगा ऊसतोडीहून परतल्यावर आम्ही चार शिक्षक, एक वकिली करणारा माजी विद्यार्थी आणि दोन पोलीस एवढे मिळून जीपने आजींना गावी घेऊन गेलो. वस्तीत सभा घेतली, कायद्याची कलमे वाचून दाखविली, आजींना त्यांच्या दारात उभे करून फोटो काढला आणि दिवेलागणीला सोलापूरला परतलो. तीन आठवड्यांनी आजी पुन्हा लेकीच्या खोलीत होत्या. कोणीही त्यांच्या अंगाला हात लावला नव्हता. कोणी शिवी दिली नव्हती. त्या हापशावर गेल्या की बायका घागरी उचलून निघून जात. गिरणीवाला त्यांची ज्वारी घेत नव्हता. आज वीज नाही, आज पट्टा तुटला आहे, असे सांगत होता. रस्त्यावरची पोरे आयांनी आत ओढून घेतली जात. कागदोपत्रीही त्या गावात उरल्या नव्हत्या. दीड वर्ष गैरहजर असल्याने रेशनचे धान्य थांबले होते आणि हयातीचा दाखला न गेल्याने श्रावणबाळ योजनेचे अनुदान बंद पडले होते. घरावरचे सहा पत्रे कोणीतरी काढून नेले होते. आम्ही त्यांना गावी पोहोचविले होते, घरी नव्हे.

चूक कोठे झाली याचा विचार करीत असताना गावातील दोन प्रतिष्ठित माणसांनी एक तोडगा आणला. आजींनी देवळासमोर येऊन, हातात बेल-भंडारा घेऊन, आपण करणी केली नाही अशी शपथ घ्यावी. गाव मागचे सारे विसरेल. प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्यापैकी काहींना तो तोडगा पटला. एवढ्याने म्हातारीचे उरलेले दिवस सुखाचे जात असतील तर देवळापुढे दोन मिनिटे उभे राहण्यात काय बिघडते, असा तो विचार होता. आम्ही आजींना विचारले. त्या सुपारी कातरत होत्या. कातरता कातरताच म्हणाल्या, “गुरुजी, जे नसतंयच ते म्या केलं न्हाई म्हनून कसं सांगू? उद्या कुनाची शेळी मेली तर परत शपथ घ्यायला बोलवत्याल की.”

या एका वाक्याने जे दाखविले ते आम्हांला पुस्तकांतून नीटसे दिसले नव्हते. परीक्षा दिली की आरोप खरा असू शकतो हे आपण मान्य करतो. आज परीक्षेत उतरलेली बाई उद्या नापास होऊ शकते. घानाच्या उत्तर भागात गाम्बागा येथे, चेटकीण ठरविलेल्या स्त्रियांची वसाहत आहे. गावाने हाकललेल्या, बहुतांशी वृद्ध व विधवा असलेल्या बायका तेथे आश्रयाला येतात. तेथे कोंबडी कापून सोडतात व ती मरताना पाठीवर पडली की पोटावर, यावरून बाई निर्दोष की दोषी हे ठरते. वसाहतीने अनेकींचे प्राण वाचविले आहेत हे खरे, पण वाचविताना कोंबडीचा निकालही कायम ठेवला आहे. तेथील प्रेस्बिटेरियन चर्चचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे बायकांना घरी पोहोचविण्याचे काम करतात, आणि त्यांतल्या काही जणी पुन्हा वसाहतीत परत येतात. त्याच देशात काफाबा येथे जुलै २०२० मध्ये ९० वर्षांच्या आकुआ देन्तेह यांना भर बाजारात मारून टाकण्यात आले. अशा ठिकाणी वसाहत बंद करा अशी मागणी सोपी आहे. बायका कोठे जाणार हे सांगणे कठीण.

आपल्या देशातही निवारा आणि परतणे यांत हेच अंतर आहे. झारखंडच्या छुटनी महतो यांना १९९५ मध्ये डायन ठरवून सासरच्या गावातून हाकलण्यात आले. त्यांनी माहेरी, बीरबांस येथे, तशाच बायकांसाठी केंद्र उभे केले. आसामच्या बिरुबाला राभा यांच्या आजारी मुलाविषयी वैदूने सांगितले होते की तो तीन दिवसांत मरेल. मुलगा जगला, आणि तेथून त्यांनी आयुष्यभर या प्रथेविरुद्ध लढा दिला. दोघींनाही २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बिरुबाला राभा मे २०२४ मध्ये निवर्तल्या. देशाने छुटनीबाईंचा सन्मान केला, पण ज्या गावाने हाकलले त्या गावात नव्हे, माहेरच्या अंगणातच त्यांचे काम उभे राहिले. हा त्यांचा पराभव मुळीच नाही. मात्र गाव तसेच सुटले.

तेव्हा दुसऱ्या वेळी आम्ही आजींपासून नव्हे, म्हशीपासून सुरुवात केली. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना वस्तीत नेले. त्यांनी म्हशीची कास दाबून दाखविली. दगडी रोग झाला होता, दोन सड कायमचे बाद झाले होते. मग नातवंडांचा ताप. आरोग्य सेवकांनी वस्तीच्या टाकीतील पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरले आणि त्यातील वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांनी पाहिल्या. टाकी त्याच दिवशी रिकामी झाली. नंतर आपल्या शाळेच्या दहावीच्या मुलींनी चौकात प्रयोग केले. सुरीला जास्वंदीचे फूल चोळून लिंबू कापले की रस लाल येतो. करणी झालेल्या लिंबातून रक्त निघते ते हेच. हळदीत चुना मिसळून कुंकवासारखा रंग केला. नारळाच्या शेंडीत आधीच ठेवलेल्या सोडियमच्या खड्यावर पाण्याचे थेंब पडताच जाळ निघाला, तेव्हा एक म्हातारबा मोठ्याने म्हणाले की, याच नारळाचे मी अकराशे रुपये दिले. लोक हसले. त्या हसण्याने जे झाले ते आमच्या कलमवाचनाने झाले नव्हते. आजी या कोणत्याही कार्यक्रमाला हजर नव्हत्या आणि त्यांना आणायचे नाही असे आम्ही ठरविले होते; त्यांच्या बाजूने सिद्ध करण्यासारखे काही नव्हतेच.

कागदांचे काम निराळे चालू होते. वकील मित्राने तहसील कार्यालयात अनुदान पुन्हा सुरू करून घेतले, रेशनकार्डावरचे नाव तपासून घेतले, तीस गुंठ्यांचा सातबारा काढून आजींच्या हातात दिला. विहारातील उपासिकांनी वर्षावासातील ग्रंथवाचनाची एक बैठक आजींच्या ओसरीवर ठेवली. गिरणीवाल्याशी कोणी वाद घातला नाही. उपासिकांपैकी सहा जणींनी आपापल्या पिशव्यांबरोबर आजींचीही ज्वारी नेली व ती दळून होईपर्यंत कोणी हलल्या नाहीत.

राहिली होती एक गोष्ट, आणि तिच्यावर आम्ही अडून बसलो. आरोप चारचौघांत झाला होता, तो चारचौघांतच मागे घेतला गेला पाहिजे. या बाबतीत इतिहासाने आम्हांला एक दाखला दिला. सेलमच्या प्रकरणात १९ जणांना फाशी झाली. पुढील काळात टप्प्याटप्प्याने बहुतेकांचा कलंक पुसण्यात आला. एलिझाबेथ जॉन्सन या एका स्त्रीचे नाव मात्र राहून गेले. तिला १६९३ मध्ये शिक्षा झाली होती, फाशी टळली होती, पण निर्दोषत्व कधीच जाहीर झाले नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अँडोव्हर येथील शिक्षिका कॅरी लापियर आणि त्यांच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न हाती घेऊन लोकप्रतिनिधींपर्यंत नेला, आणि २०२२ साली, ३२९ वर्षांनी, कायद्याने तिचे नाव मोकळे झाले. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे १७८२ मध्ये मारल्या गेलेल्या अॅना गोल्डीच्या बाबतीत हे २००८ मध्ये झाले. मेलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, असे आमच्या वर्गात एका मुलाने विचारले. दुसऱ्या एकीने उत्तर दिले की, आपल्या आजी तर जिवंत आहेत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत म्हशीचे मालक उभे राहिले. त्यांना बोलते करण्यास दोन महिने लागले होते. त्यांच्यावर गुन्हा दाखल करण्याची तयारी होती आणि ती त्यांना माहीत होती, हे लपविण्यात अर्थ नाही. ते एवढेच म्हणाले, “म्हस रोगानं आटली. मावशीचं नाव आम्ही घेतलं, ते चुकलं. आता कुनी घेऊ ने.” ग्रामसेवकाने ते ठरावाच्या वहीत लिहून घेतले आणि खाली सह्या-अंगठे झाले. आजींनी त्यांना क्षमा केली का, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. आम्ही ते आजींना विचारले नाही. बापलेकींच्या वयाचे अंतर असलेल्या त्या माणसाच्या सुनेने संध्याकाळी ओसरीपाशी येऊन “आत्या, च्या घ्या,” म्हणून कप पुढे केला, तो त्यांनी घेतला, एवढे आम्ही पाहिले.

सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या घराने ग्रामसभेत तोंड उघडले नाही आणि ते घर अजूनही बोलत नाही. सहा पत्र्यांपैकी चारच परत मिळाले. ऊसतोडीच्या महिन्यांत आजी एकट्या राहू नयेत म्हणून मुलाने गाळप हंगामातील जाणे एक वर्ष टाळले, पुढच्या वर्षी कर्जामुळे त्याला जावे लागले. तेव्हा शेजारची एक विधवा रात्री त्यांच्याकडे झोपावयास येऊ लागली आणि दोघींपैकी कोणीच एकटी राहिली नाही. हा उपाय आम्हां शिक्षकांच्या नव्हे, आजींच्या डोक्यातून निघाला होता.

बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले पहिले विद्यार्थी वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात सुरू केले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. घरापासून दूर आलेल्या मुलाला छप्पर देण्याची ती परंपरा आपल्या शाळेपर्यंत आली आहे. त्याच परंपरेत आम्ही आता शाळेत एक वही ठेवली आहे. सुट्टीहून परतलेल्या मुलांना आम्ही विचारतो, गावात, वस्तीत कोणा म्हातारीविषयी कुजबुज चालू आहे का. मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळते. गेल्या दोन वर्षांत त्या वहीत तीन नोंदी झाल्या. त्यांतील दोन ठिकाणी नाव घेतले जाण्यापूर्वीच डॉक्टर व विहाराची माणसे पोहोचली. तिसऱ्या ठिकाणची वृद्धा सध्या पुण्याला मुलाकडे आहे. तिचे गाव आपल्यापैकी काही माजी विद्यार्थ्यांचे गाव आहे. त्यांच्याशी आम्ही पत्राने बोलत आहोत.

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करताना आमच्या पहिल्या फेरीतील तो फोटो सापडला. जीप, दोन पोलीस, आम्ही चौघे आणि मध्ये आजी. छापावा की नाही हे विचारण्यास आम्ही गावी गेलो. आजींनी तो लांब धरून पाहिला, मग नातीकडे दिला आणि म्हणाल्या, “ह्यात मी चोर धरून आनल्यावानी दिसतीय.” तो फोटो या अंकात नाही. त्याऐवजी त्यांनी दुसरा काढून घेतला, गिरणीच्या दारात, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन, आणि तो आम्हांला न देता स्वतःकडेच ठेवला.